डोळ्यांसमोर म्हणजे नक्की कुठे?

सासूबाईंचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दोन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठले तर नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून डायरीत काहीतरी लिहीत होता. नव्या वर्षाला बँका फुकट वाटतात तसली डायरी. मी मागून डोकावले.

‘आई. उंची ५ फूट १ इंच. डाव्या भुवईच्या वर तिरका व्रण, साधारण अर्धा इंच. नाक सरळ, शेंड्याशी किंचित बसकं. हसताना ओठाची उजवी बाजू आधी वर जाते. केस पांढरे, कानामागे काळे.’

“पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायचीय का?” मी म्हटलं. दोन आठवडे आल्या-गेल्याचं करून आणि रडून मी पार थकले होते. त्याच्या डोळ्याला मात्र एकदाही पाणी आलेलं मी बघितलं नव्हतं.

“तसंच समज,” तो म्हणाला आणि पुढची ओळ लिहायला लागला.

मी खोलीत जाऊन पडले आणि मनाशी म्हटलं, टी. पक्का टी.

या ‘टी’चा खुलासा करायला हवा. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या ऑफिसने आम्हाला लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर दोन दिवस ट्रेनिंगला नेलं होतं. चिक्की, धुकं आणि ‘मायर्स-ब्रिग्ज’ नावाची व्यक्तिमत्त्व चाचणी. ‘तुम्हाला पार्टीत अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का’ छापाचे नव्वदेक प्रश्न सोडवायचे, की शेवटी चार इंग्रजी अक्षरं हातात पडतात. पहिलं अक्षर ई की आय, म्हणजे माणसांत तुम्हाला तरतरी येते की एकांतात. दुसरं एस की एन, म्हणजे जे दिसतं, हाताला लागतं त्यावर तुमची भिस्त, की त्यातून जे सुचतं त्यावर. तिसरं टी की एफ, म्हणजे निर्णय तर्काने घेता, की माणसं आणि मूल्यं बघून. चौथं जे की पी, म्हणजे सगळं आखूनरेखून, की आयत्या वेळी बघू. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे सोळा प्रकार. त्या सोळांत अख्खी मनुष्यजात बसते म्हणे.

मी आयएनएफपी निघाले. सोबतचं अर्ध्या पानाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. हे लिहिणारा माणूस मला शाळेपासून ओळखत असणार! शेजारच्या खुर्चीवरच्या अकाउंट्सवाल्यालाही स्वतःचं पान वाचून तसंच वाटत होतं. घरी येऊन नवऱ्याला नेटवरची फुकट आवृत्ती सोडवायला लावली. तो आयएसटीजे निघाला. मग पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात ती अक्षरं मिठामिरचीसारखी वापरली गेली. तो प्रवासाच्या आधी चार दिवस बॅग भरतो, कारण जे. माझं पासबुक सापडत नाही, कारण पी. सिनेमात सगळं थिएटर हुंदके देत असताना हा घड्याळ बघतो, कारण टी.

खरं तर या चाचणीची जन्मकथा आपल्याकडच्या एखाद्या कौटुंबिक नाटकात शोभावी अशी आहे, कारण तिच्या मुळाशी जावई आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंची एकुलती एक मुलगी इझाबेल कॉलेजात असताना क्लॅरेन्स मायर्स नावाच्या मुलाच्या प्रेमात पडली आणि त्याला घरी घेऊन आली. मुलगा चांगला होता, पण या घरातल्या कुणासारखाच नव्हता. मायलेकी कल्पनेत रमणाऱ्या, हा कायद्याचा विद्यार्थी, तपशिलाचा पक्का. १९१८ मध्ये लग्न झालं. आपल्याकडे अशा वेळी सासू ‘जाऊ दे, मुलीला आवडलाय ना’ म्हणून गप्प बसते किंवा मुळीच गप्प बसत नाही. कॅथरीनबाईंनी तिसरा मार्ग धरला. माणसांमाणसांत हा फरक येतो कुठून, हे त्या पुस्तकांत धुंडाळायला लागल्या आणि त्यांनी स्वतःचे चार प्रकार पाडलेसुद्धा. मग १९२३ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या स्वभावप्रकारांवरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि त्यांना आपलं घोडं गंगेत न्हाल्यासारखं वाटलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पुरुष आघाडीवर गेलेले आणि बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत शिरत असताना, कोणाला कुठलं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेलने युंगच्या विचारावरून प्रश्नावली बेतायला घेतली. मायलेकींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. गंमत म्हणजे कॅथरीनबाईंचे यजमान लायमन ब्रिग्ज हे भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेत वजनंमापं प्रमाणित करणाऱ्या सरकारी संस्थेचे पुढे संचालक झालेले. म्हणजे घरात एकजण मीटर आणि किलोग्रॅम काटेकोर ठेवतोय, आणि त्याच घरातल्या दोघी माणसाला मोजायची पट्टी तयार करतायत.

ती पट्टी काही फार पक्की निघाली नाही. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं, काही अभ्यासांत जवळपास निम्म्या लोकांचं, निदान एक तरी अक्षर बदलतं. कारण साधं आहे. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, थोडी अंतर्मुख, थोडी बहिर्मुख, आणि चाचणी मधोमध सुरी चालवते. उंचीसाठी पाच फूट पाच इंचांवर रेघ मारून अलीकडच्यांना ‘बुटके’ आणि पलीकडच्यांना ‘उंच’ म्हणावं, तसं.

आणि ते अंगावर काटा आणणारं वर्णन? बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी पडली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधी कधी धास्तावलेले असता’ हे कोणाला लागू पडणार नाही? समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आहे. तिथे नेमका उलटा अनुभव येतो. ती लक्षणं वाचताना माणसाला स्वतः सोडून सगळे शेजारी आठवतात.

हे सगळं मला लोणावळ्याहून परतल्यावर पाच-सहा महिन्यांतच वाचून माहीत झालं होतं, आणि तरी मी नवऱ्याला टी म्हणायची सोडली नाही. आपल्याकडे ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणतात. तितक्या प्रकृती सांभाळायच्या म्हणजे कष्टाचं काम. सोळा त्या मानाने परवडतात, आणि घरात तर दोनच पुरतात, मी आणि तो. शिवाय अक्षर लावलं की पुढचं विचारायचे कष्टही वाचतात. ऑफिसात आमच्या विभागातल्या एका शांत मुलीला ‘आय’ मिळालं आणि त्यानंतर ग्राहकांच्या मीटिंगची यादी करताना तिचं नाव आपसूक गळायला लागलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

युंगला तर असले शिक्के अभिप्रेतच नव्हते. त्याचा ग्रंथ १९२१ चा. फ्रॉइडशी बिनसल्यावर त्याला एक प्रश्न सतावत होता: तोच रुग्ण, तीच लक्षणं, आणि फ्रॉइड नि ॲडलर हे मनाचे दोन डॉक्टर निरनिराळ्या गोष्टी कशा काय सांगतात? दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक. मग बघणाऱ्याच्या बघण्यातच काही फरक आहे का? माणसांना कप्प्यांत टाकणं हा पोरखेळ आहे, असं त्याने पुढे एका प्रस्तावनेत बजावलंही. आणि ज्या ‘टी’ वरून मी नवऱ्याला कोरडा ठरवून बसले होते, त्याच्या समोरच्या ‘एफ’चा युंगच्या लेखी अर्थ हळवेपणा असा नव्हताच. एखादी गोष्ट आपल्याला किती मोलाची आहे, हे ठरवण्याची ती रीत. विचार आणि भावना या दोन्हींना तो विवेकाची कामं म्हणायचा. डोळ्यांतल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. डायरीत अर्ध्या इंचाचा व्रण नोंदवणारा माणूस मोल ठरवत असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते यायला पोहे लागले.

लॉकडाऊनमधली गोष्ट. दोघंही घरी, रोज तेच चार चेहरे, म्हणजे खरं तर दोनच. कुठल्याशा लेखात मी फ्रान्सिस गाल्टनबद्दल वाचत होते. हा डार्विनचा नातेवाईक. माणसांची पैदास सुधारण्याच्या त्याच्या घातक कल्पनेने पुढे जगाचं फार नुकसान केलं, पण प्रश्न विचारण्यात मात्र वस्ताद. १८७९ मध्ये त्याने ओळखीपाळखीच्या लोकांना एक प्रश्नावली धाडली: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा. चित्र अंधुक आहे की स्वच्छ? वस्तूंच्या कडा नीट दिसतात का? चिनीमातीचे, पावाचे, मांसाचे रंग खरे वाटतात का?

म्हटलं, बघू या.

“कालच्या पोह्यांची बशी डोळ्यांसमोर आण.”

“आणली.”

“काय दिसतंय?”

“दिसतंय म्हणजे? पोहे होते. दाणे जास्त पडले होते. लिंबू नव्हतं, संपलं होतं.”

“ते तुला माहीत आहे. दिसतंय काय?”

“अगं, डोळे मिटल्यावर काय दिसणार? काळोख.”

“बशी कुठली होती?”

“निळ्या काठाची.”

“मग तो निळा काठ दिसत नाही?”

“निळा होता हे माहीत आहे.” मग तो थांबला. “तुला खरंच दिसतं? काहीतरी, चित्रासारखं? मला वाटायचं ती बोलायची पद्धत आहे. डोळ्यांत तेल घालून पहारा देतात म्हणतात, म्हणून कुणी खरंच तेल घालतं का?”

बावीस वर्षं संसार झाला होता. मी हातातला मोबाइल खाली ठेवला.

गाल्टनलाही नेमकं हेच उत्तर मिळालं होतं. त्याने सुरुवात केली शास्त्रज्ञ मित्रांपासून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी उलट त्यालाच विचारलं की ‘मनःचक्षू’ हा नुसता अलंकार नाही की काय? रंगांध माणसाला आपण रंगांध असल्याचं जसं कळत नाही, तसं. डार्विनने मात्र कळवलं की थंड मांसाचा तुकडा, थोडी द्राक्षं, एक पेअर आणि खाऊन झाल्यावरची बशी हे सगळं फोटो समोर धरल्यासारखं स्वच्छ दिसतंय. मग हा विषय शंभराहून अधिक वर्षं जवळपास अडगळीत पडला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या ॲडम झेमन या मेंदुविकारतज्ज्ञाने मनात असं चित्र न उमटण्याला नाव दिलं, अफँटेझिया. हा आजार नाही. शंभरात एक ते चार माणसं अशी असावीत असा अंदाज आहे. ‘पिक्सार’ या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमल, यांच्याही मनात चित्र उमटत नाही. पडद्यावर चित्रं हलवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते हे!

मग आम्हाला नादच लागला. मी विचारलं, आपल्या घराला खिडक्या किती? मी डोळे मिटून बैठकीच्या खोलीतून निघाले, स्वयंपाकघर, मागची गॅलरी, बाथरूमचं झरोक्यासारखं तावदान, असं करत अकरावर पोचले. त्याने मान वर न करता सांगितलं, अकरा. कसं मोजलंस? “मोजलं नाही. कुठे काय आहे ते माहीत असतं.” हा माणूस जन्मभर वायरिंगचे नकाशे वाचत आलाय. पुण्यातल्या पेठांच्या बोळांतून मी दर वेळी चुकते, तो कधीच चुकत नाही. ‘कुठे आहे’ आणि ‘कसं दिसतं’ ही दोन वेगळी खाती असावीत. त्याचं पहिलं खातं गच्च भरलेलं आहे, दुसरं उघडलेलंच नाही.

आणि गुहागरचं कोडंही सुटलं. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात आम्ही त्याच्या आजोळी गेलो होतो. रात्री वीज गेली की मामा मागल्या विहिरीवरच्या हडळीच्या गोष्टी सांगायचे. मी गोधडीत शिरून कान बंद करून घ्यायची आणि हा पठ्ठ्या त्याच अंधारात टॉर्चशिवाय मागल्या दारी जाऊन यायचा. मला वाटायचं, काय धीट नवरा मिळाला! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा लोकांना अंधारात भयकथा वाचायला दिल्या आणि त्वचेवरचा घाम मोजला. इतरांचा आलेख चढत गेला, यांचा जवळपास सपाट. भीतिदायक चित्रं प्रत्यक्ष दाखवली तेव्हा मात्र दोन्हींकडे सारखाच चढला. म्हणजे हडळ समोर आली असती तर तोही माझ्याइतक्याच जोरात पळाला असता.

मी उत्साहात बहिणीला फोन करून सांगायला लागले की, अगं, हा अफँटेझियाचा माणूस आहे, म्हणूनच तर... पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडला, “आता हा नवीन शिक्का का?” मी वाक्य अर्धंच सोडलं.

याच सुमारास भाचीच्या शाळेतून फॉर्म आला होता: तुमचं मूल दृश्य पद्धतीने शिकतं, श्राव्य की कृतीतून? २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या तथाकथित पद्धतीने शिकवलं की ते जास्त शिकतं, याला म्हणावा तसा पुरावा त्यांना सापडला नाही. फॉर्म तरीही भरावाच लागला. भाचीने स्वतःच तिन्हींवर खुणा केल्या.

डेव्हिड मार्क्स या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मनातल्या चित्रांची स्पष्टता मोजायला एक प्रश्नावली केली होती. त्यातही प्रश्न सोळाच, योगायोग. प्रत्येकाला एक ते पाच गुण; मुळात ते उलट्या क्रमाने होते, हल्ली बहुधा असे देतात. ‘प्रत्यक्ष बघितल्यासारखं’ असेल तर पाच, ‘काहीच चित्र नाही, फक्त विचार करतोय एवढं कळतं’ असेल तर एक. एका रविवारी नवऱ्याने ती सोडवली. पुढे उगवता सूर्य, ओळखीचं दुकान, डोंगर आणि तळं असं काय काय आहे, पण सुरुवातच जवळच्या माणसापासून होते. वरचेवर भेटणारं कुणी नातेवाईक किंवा स्नेही आठवा. चेहऱ्याची, डोक्याची, खांद्यांची ठेवण. उभं राहण्याची ढब. चाल. नेहमीच्या कपड्यांचे रंग.

“वरचेवर भेटणारं,” तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

सोळाही प्रश्नांना त्याने एक गुण दिला. बेरीज सोळा, म्हणजे त्याहून कमी शक्यच नाही.

मी विचारलं, आई कधीच दिसत नाहीत?

“स्वप्नात दिसते. रंगीत, चालती-बोलती. उठल्यावर मग दिसली होती एवढं माहीत असतं. तिच्या पाकिटातला फोटो मी म्हणून तर काढून घेतला. पण फोटोत ती हसत नाहीये.”

त्या आधारकार्डाच्या फोटोवरून मी त्याला किती वेळा चिडवलं होतं!

“आवाज येतो मात्र,” तो म्हणाला. “अगदी तिचाच. दार लावलंस का रे, असा.”

मी कान देऊन बघितलं. माझ्याकडे सासूबाई सदैव हजर असतात, ओट्याशी, पायरीवर, विळीवर बसलेल्या, पदर खोचलेला. पण माझं सगळं मूकपटासारखं. ओठ हलतात, आवाज नाही. दार लावलंस का रे, हे त्या म्हणायच्या एवढं मला फक्त माहीत आहे.

तेव्हापासून त्याची एक सवय सुरू झाली. मधेच केव्हातरी विचारतो. आई गुहागरला जाताना कोणती पिशवी न्यायची? मंगळागौरीच्या त्या साडीचे काठ कसले होते? मी डोळे मिटते आणि सांगते. तो ते त्या डायरीत लिहितो. आता डायरीची चाळीसेक पानं भरलीत. त्याच्याकडे आकडे आणि जागा, माझ्याकडे रंग. मला आवडायला लागलं होतं हे काम, आपण कुणाला तरी खजिन्यातून काढून देतोय असं.

गेल्या महिन्यात तो डायरी चाळत होता. मी म्हटलं, व्रणाचं लिहिलंयस ना? भुवईवरचा? लहानपणी पाटावरून पडल्याचा?

“पहिल्याच पानावर आहे. डाव्या भुवईवर.”

“उजव्या,” मी म्हटलं.

“डाव्या गं.”

“अरे, मला दिसतोय ना! समोर बसल्यात त्या माझ्या. उजव्या.”

तो काही बोलला नाही. मी कुठेतरी वाचलं होतं, अमेरिकेत लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून नंतर त्या खोल्या आठवून काढायला सांगितल्या होत्या. चित्र न दिसणाऱ्यांनी वस्तू कमी काढल्या, पण त्या बरोबर जागी होत्या. ज्यांना दिसत होतं त्यांच्या चित्रांत खोलीत नसलेल्या वस्तूही जास्त आल्या. हे मी त्याला त्या क्षणी सांगितलं नाही.

त्याने कपाटातून अल्बम काढला. साठीशांतीचे फोटो. सासूबाई पाटावर, नाकात नथ, कपाळावर अक्षता. चष्मा लावून आम्ही दोघं वाकलो.

व्रण डाव्या भुवईवर होता.

अल्बम परत कपाटात गेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी डोळे मिटले. त्या लगेच आल्या, पायरीवर बसल्या, पदर खोचला. व्रण उजवीकडेच.